‘स्टार ट्रेक’ पुन्हा पाहताना, पॉडकास्ट ऐकताना : वाचकांचे प्रश्न

जुनी मालिका एकेक भाग करत पुन्हा पाहायची आणि प्रत्येक भागावर पॉडकास्टमधून सविस्तर बोलायचं, हा प्रकार आता मराठवाड्यातही चांगलाच रुजतो आहे. १९६६ ते १९६९ या काळातल्या ‘स्टार ट्रेक’ या अवकाशजहाजाच्या सफरींवरच्या मूळ अमेरिकी मालिकेबद्दल आणि तिच्यावरच्या पॉडकास्टबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथं घेतले आहेत.

परभणी : आम्ही चार मित्र पॉडकास्टच्या सोबतीनं मालिका पाहायला लागलोय. एका पॉडकास्टमध्ये सुरुवात ‘द मॅन ट्रॅप’ या भागानं होते, दुसऱ्यात तोच भाग सहावा येतो. नेमका कोणता क्रम धरावा?

पहिल्या पर्वापुरता निर्मितीचा क्रम धरा.

‘द मॅन ट्रॅप’ हा ८ सप्टेंबर १९६६ ला एनबीसी वाहिनीवर सगळ्यांत आधी दिसला, हे खरं. पण निर्मितीच्या यादीत तो सहावा आहे. पहिल्याच आठवड्यात परग्रहावरचा प्राणी पडद्यावर यावा, असा विचार करून वाहिनीनं तो पुढं ओढला. उलट ‘द कॉर्बोमाइट मनूव्हर’ हा नियमित मालिकेसाठी सर्वांत आधी तयार झालेला भाग. त्यात विशेष दृश्यं जास्त असल्यानं तो रखडला आणि १० नोव्हेंबरला, म्हणजे दहावा म्हणून दाखवला गेला. प्रसारणाच्या क्रमानं पाहणाऱ्याला जहाजाची माणसं, गणवेश, यंत्रं सगळं मागंपुढं होताना दिसतं आणि त्याचं कारण कळत नाही.

सगळ्यांत मोठा घोळ ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’मुळं होतो. हा दुसरा नमुनाभाग, म्हणजे मालिका घ्यायची की नाही हे वाहिनीनं ठरवावं म्हणून आधी केलेला भाग, १९६५ मध्ये चित्रित झाला आणि प्रसारणात तिसरा आला. त्यात जहाजाचा डॉक्टर मॅकॉय नाही, संदेश सांभाळणारी उहुरा नाही, सुलू सुकाणूवर नसून भौतिकशास्त्रज्ञ आहे आणि विज्ञान अधिकारी स्पॉकच्या अंगात निळा नव्हे तर सोनेरी रंगाकडं झुकणारा गणवेश आहे. शेवटाकडं गॅरी मिचेल हा अधिकारी नुसत्या मनःशक्तीनं कॅप्टन कर्कसाठी कबर तयार करतो. तिथं चित्र थांबवा आणि दगडावरची अक्षरं वाचा : ‘जेम्स आर. कर्क’. पुढं सगळ्या जगाला माहीत झालेलं ‘टी’ हे अक्षर तेव्हा ठरलेलंच नव्हतं. हा भाग तिसरा म्हणून पाहिला तर ही चूक वाटते. पहिला म्हणून पाहिला तर मालिका अजून घडते आहे, हे डोळ्यांना दिसतं.

असंच शटलचं, म्हणजे जहाजातून ग्रहावर ये-जा करणाऱ्या छोट्या यानाचं. ‘द एनिमी विदिन’मध्ये सुलू आणि त्याचे साथीदार गोठणाऱ्या ग्रहावर अडकतात, फेजर या किरणशस्त्रानं दगड तापवून ऊब घेतात. पॉडकास्टमध्ये हमखास कुणीतरी विचारतं की शटल का पाठवलं नाही? निर्मितीक्रमात हा भाग पाचवा आहे, आणि शटल पहिल्यांदा येतं ते चौदाव्या, ‘द गॅलिलिओ सेव्हन’मध्ये. पाठवायला यानच नव्हतं. क्रम नीट धरला तर असले निम्मे प्रश्न आपोआप मिटतात.

‘स्टारडेट’वरून, म्हणजे मालिकेतल्या काल्पनिक तारखेवरून, क्रम लावायला जाऊ नका. ‘शोअर लीव्ह’ची सुरुवात ३०२५.३ या आकड्यानं होते आणि लगेच पुढं तयार झालेला ‘द स्क्वायर ऑफ गोथॉस’ २१२४.५ सांगतो. त्या आकड्यांत सलग हिशेब नाही.

‘द केज’ हा पहिला नमुनाभाग मात्र आधी पाहू नका. वाहिनीनं तो नाकारला होता आणि त्यातलं बरंचसं चित्रीकरण ‘द मेनॅजरी’ या जोडभागात स्पॉकवरच्या खटल्याचा पुरावा म्हणून वापरलं गेलं. आधी ‘द केज’ पाहिला की खटल्यातली उत्सुकता जाते. जोडभाग उरकला की मग तो सवडीनं बघा.

दुसऱ्या पर्वात निवड एवढी अटीतटीची नाही. निर्मितीक्रमानं गेलात तर हॅलोवीनसाठी बेतलेला ‘कॅट्सपॉ’ आधी येतो, प्रसारणक्रमानं ‘अमॉक टाइम’. पर्वाचं दार उघडायला ‘अमॉक टाइम’ कितीतरी चांगला. तेवढी एक अदलाबदल करा आणि पुढं निर्मितीक्रमानंच चला. त्या वर्षी सुलूची भूमिका करणारे जॉर्ज टाकेई दुसऱ्या चित्रपटाच्या कामामुळं बरेच भाग नव्हते. निर्मितीक्रमात ती गैरहजेरी सलग दिसते. प्रसारणक्रमात सुलू मधूनच उगवतो, मधूनच गायब होतो.

अंबाजोगाई : ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ही मालिका पाहिली होती. आता पाहतो तर जहाज वेगळंच, चकचकीत दिसतं. शिवाय पॉडकास्टवाले जो मिनिट सांगतात, तिथं माझ्याकडं दुसरंच दृश्य चालू असतं.

तुमची आठवण बरोबर आहे. २००६ पासून या मालिकेची नवी आवृत्ती तयार झाली. मूळ फिल्म साफ करून घेतली आणि अवकाशातली जवळपास सगळी दृश्यं संगणकावर नव्यानं बनवली. नटांचे प्रसंग तेच आहेत. बदललं ते बाहेरचं जहाज, ग्रह, काही पार्श्वभूमी आणि शीर्षकसंगीताचं ध्वनिमुद्रण. दूरदर्शनवर दिसलेलं जहाज म्हणजे अकरा फुटांहून थोडं लांब असं खरंखुरं मॉडेल होतं. ते आज वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममध्ये आहे.

२००९ पासून आलेल्या ब्लू-रे संचात दोन्ही आवृत्त्या आहेत आणि पाहता पाहता एकीवरून दुसरीवर जाता येतं. पॉडकास्ट करणाऱ्यांनी भागाच्या सुरुवातीलाच आपण कोणती आवृत्ती पाहतोय हे सांगायला हवं. मॉडेलच्या हलण्याबद्दल, तारांकित पार्श्वभूमीच्या कडांबद्दल बोलायचं आणि समोर नवी आवृत्ती ठेवायची, याला अर्थ नाही. आमचं मत विचाराल तर पहिल्यांदा पाहताना मूळ दृश्यंच पाहा. कमी पैशात त्या माणसांनी काय साधलं, ते तिथंच कळतं.

मिनिटांच्या गोंधळाला दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे कापलेली प्रत. मूळ भाग सुमारे ५० मिनिटांचे. पुढं इतर वाहिन्यांना विकताना जाहिरातींना जागा करायला त्यातली काही मिनिटं काढली गेली. अशी प्रत हाती असेल तर पॉडकास्टमध्ये ज्यावर चर्चा चालते तो प्रसंगच तुमच्याकडं नसतो. दुसरं कारण वेगाचं. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमनं चालते. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर बऱ्याचदा तीच २५ फ्रेमनं चालवली जाते. वेग सुमारे ४ टक्के वाढतो, ५० मिनिटांचा भाग ४८ मिनिटांत संपतो आणि आवाजही किंचित चढा लागतो. पहिल्या पाच मिनिटांत फरक जाणवत नाही, शेवटच्या अंकात तो दोन मिनिटांवर गेलेला असतो. फरक सावकाश वाढत गेला तर कारण वेगाचं, एकदम उडी मारली तर कापाकापीचं. म्हणून मिनिटाऐवजी अंक आणि प्रसंग सांगणारा पॉडकास्ट जास्त उपयोगाचा. प्रत्येक भागाची रचना ठरलेली आहे : आधी छोटा प्रवेश, मग शीर्षक, मग चार अंक. ‘तिसऱ्या अंकात, कर्क दवाखान्यात येतो तेव्हा’ असं सांगितलं की कुठल्याही प्रतीत ती जागा सापडते.

आणि चित्र पडद्याच्या दोन्ही कडांपर्यंत ताणलेलं दिसत असेल तर टीव्हीची सेटिंग ४:३ करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणं हेच बरोबर आहे.

उदगीर : आम्हाला मराठीत असा पॉडकास्ट करायचाय. एकजण उदगीरला, दुसरा पुण्यात. स्टुडिओ नाही, वीज कधी जाईल सांगता येत नाही, उन्हाळ्यात कूलर लागतोच. कमीत कमी साहित्यात कसं जमवावं?

जमतं. दोघांकडं मिळून चार जुने-नवे फोन, दोन वायरचे इअरफोन, दोन साधे कॉलर माइक आणि एक संगणक एवढं पुरतं.

मुख्य नियम हा की फोनवरचं बोलणं रेकॉर्ड करायचं नाही. फोनच्या आवाजाची पट्टी अरुंद असते, रेंज गेली की शब्द तुटतात, आणि तुटलेला शब्द कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत येत नाही. एका फोनवर इअरफोन लावून गप्पा मारायच्या. दुसरा फोन विमान मोडवर टाकून, त्याला माइक जोडून, प्रत्येकानं फक्त आपलाच आवाज आपल्या जागी रेकॉर्ड करायचा. एकाच फोनवर दोन्ही कामं करू नका. कॉल चालू असताना बऱ्याच फोनवर रेकॉर्डिंग बंद पडतं किंवा नुसती शांतता रेकॉर्ड होते. इअरफोन दोघांनीही लावायलाच हवेत, नाहीतर समोरच्याचा आवाज तुमच्या माइकमध्ये शिरतो आणि संपादनात तो वेगळा काढता येत नाही.

रेकॉर्डिंग वेव्ह प्रकारात, ४८ किलोहर्ट्झ, मोनो ठेवा. १६ बिटला तासाला सुमारे ३५० एमबी जागा लागते, २४ बिटला सुमारे ५२० एमबी. पातळी अशी लावा की नेहमीच्या बोलण्याला काटा उणे १८ ते उणे १२ डेसिबलमध्ये राहील आणि मोठ्यानं हसलात तरी उणे ६ च्या वर जाणार नाही. शून्याला टेकलेला आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही.

माइक तोंडापासून वीतभराच्या आत, पण ओठांच्या अगदी समोर नको, थोडा बाजूला. मराठीत फ, भ, ख, ठ हे महाप्राण शब्दागणिक येतात. ‘भाग’, ‘फेजर’, ‘खटला’ म्हणताना सुटणारा हवेचा झोत थेट माइकवर आदळला की धप्प असा आवाज बसतो. माइक बाजूला सरकवला की झोत पुढून निघून जातो.

खोलीची निवड माइकपेक्षा महत्त्वाची. पत्र्याची खोली टाळा. दुपारी पत्रा तापून कुरकुरतो आणि आत आवाज घुमतो. जुन्या वाड्यातली माळवदाची खोली मिळाली तर सोडू नका. जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचं धाबं, त्यामुळं बाहेरचा ट्रॅक्टर, भोंगा आत फारसा येत नाही. आतला घुमारा मारायला बोलणाऱ्याच्या समोर आणि पाठीमागं दोरीवर एकेक वाकळ टाका. समोरच्या भिंतीवर आपटून परतणारा आवाजच सर्वांत जास्त त्रास देतो. कूलर आणि पंखा रेकॉर्डिंगपुरते बंदच हवेत. मे महिन्यात हे सकाळी सहा-सातलाच शक्य आहे, म्हणून वेळ तीच ठरवा. कूलरची घरघर नंतर काढू असं म्हणून बसलात तर घरघरीबरोबर आवाजातला कसही जातो.

आता विजेचं. लॅपटॉपवर रेकॉर्ड करत असाल तर चार्जर काढून बॅटरीवर करा. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या चार्जरमुळं ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या पटींतले आवाज माइकच्या तारेतून आत येतात. त्याहून वाईट म्हणजे रेकॉर्डिंग चालू असताना यंत्र बंद पडलं तर फाइल नीट मिटत नाही आणि पुढं उघडतच नाही. उपाय मालिकेच्या रचनेतच आहे : प्रवेश आणि चार अंक. प्रत्येक अंकावर बोलून झालं की रेकॉर्डिंग थांबवा, फाइल जतन करा, नाव द्या, मग पुढचं सुरू करा. काही बिघडलंच तर एका अंकाचं बिघडेल, तासाभराचं नाही.

प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला एकानं तीन-दोन-एक मोजून दोघांनी एकदम टाळी वाजवायची, शेवटी पुन्हा एकदा. टाळीची रेघ आलेखात सुईसारखी उभी दिसते. दोन्ही रेघा एकाखाली एक आणल्या की दोन आवाज जुळतात. शेवटची टाळी का, तर दोन फोनच्या घड्याळांत बारीक फरक असतो आणि तासाभरात तो एक-दोन दशांश सेकंदांवर जाऊ शकतो. तेवढ्यानं उत्तर प्रश्नाच्या आधी ऐकू येतं, हसणं चुकीच्या जागी पडतं. तुकडे लहान ठेवले तर हा त्रासही उरत नाही. टाळीनंतर दहा सेकंद दोघांनी गप्प बसा. खोलीच्या शांततेचा तो नमुना पुढं लागतो.

संपादनाला ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरे. आधी टाळ्या जुळवा, मग नको ते कापा. मग ८० हर्ट्झखालचा आवाज काढा, शांततेचा नमुना देऊन गोंगाट ६ ते ९ डेसिबल कमी करा. त्याहून जास्त केलात तर माणूस पाण्यातून बोलल्यासारखा वाटतो. नंतर ३:१ प्रमाणात कॉम्प्रेशन (मोठ्या आणि हळू आवाजांतलं अंतर कमी करणं), आणि शेवटी एकूण लाउडनेस मोनोसाठी उणे १९ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप), शिखर उणे १ डेसिबल. मोनो एमपी३ ६४ केबीपीएसला तासाभराचा भाग सुमारे २९ एमबी होतो. एसटीनं लातूर-नांदेड करणाऱ्या श्रोत्याला तो घरी वायफायवर उतरवून घेता येतो, म्हणून फाइल उगाच मोठी करू नका.

बीड : पॉडकास्टमध्ये मालिकेतले संवाद आणि शीर्षकसंगीत वाजवलं तर चालतं का? कुणी म्हणतं दहा सेकंद चालतात, कुणी म्हणतं तीस.

अमुक सेकंद चालतात असा नियम भारतीय कायद्यात कुठंही नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या ५२व्या कलमात टीका आणि समीक्षेसाठी रास्त वापराची सूट आहे. वापर रास्त आहे की नाही, हे हेतू आणि गरज पाहून ठरतं. ज्या वाक्याची तुम्ही चिकित्सा करताय ते वाक्य ऐकवणं वेगळं, आणि दर भागाच्या सुरुवातीला अलेक्झांडर करेज यांचं शीर्षकसंगीत सजावट म्हणून वाजवणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला समीक्षा म्हणता येणार नाही.

शिवाय व्हिडिओच्या संकेतस्थळांवर जुळणारा आवाज यंत्रच शोधतं. त्याला समीक्षा समजत नाही, आणि तक्रार आली की भाग अडकतो. सोपी वाट ही की संगीत अजिबात घेऊ नका, संवाद मराठीत सांगा आणि स्वतःचं छोटं वाद्यसंगीत बनवून घ्या. गावात संबळ किंवा हलगी वाजवणारे आहेतच. त्यांच्याकडून दहा सेकंदांचा तुकडा रेकॉर्ड करून घ्या, मानधन द्या आणि वापराची परवानगी कागदावर घ्या.

नांदेड : ‘स्पेस सीड’ या भागात खान या खलनायकाला शीख म्हटलंय. आमच्या गावात हे खटकतं. पॉडकास्टमध्ये यावर कुणी बोलत नाही. कसं बोलावं?

बोलायलाच हवं. ज्या नांदेडमध्ये १७०८ साली गुरू गोबिंदसिंगजी ज्योतीज्योत सामावले, जिथं सचखंड हजूर साहिब आहे, तिथल्या श्रोत्याला ही बाब बाजूला सारता येणार नाही.

भागात नेमकं काय आहे ते आधी मांडा. १६ फेब्रुवारी १९६७ ला दाखवलेल्या या भागात जहाजावरची इतिहासतज्ज्ञ मार्ला मॅकगिव्हर्स झोपेतल्या खानकडं पाहून तो उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा, असा अंदाज करते आणि शिखांच्या लढवय्येपणाचं कौतुक करते. म्हणजे पटकथेत हे तिचं अनुमान आहे. खान स्वतः आपला धर्म सांगत नाही. नाव मात्र खान नूनियन सिंग. त्याला ना शिखांसारखे न कापलेले केस, ना दस्तार. पगडी दिसते ती फक्त मॅकगिव्हर्सनं काढलेल्या त्याच्या चित्रात. भूमिका केली मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटलबान यांनी. कथेच्या सुरुवातीच्या आराखड्यात हा माणूस नॉर्डिक वंशाचा होता आणि त्याचं नाव हॅराल्ड एरिक्सन होतं. शीखपण नंतर चिकटवलं गेलं, त्याचा कथेच्या रचनेशी संबंध नाही.

हे सगळं क्रमानं सांगितलं की मत मांडायला पाया मिळतो. आमचं मत असं : माँटलबान यांचं काम उत्तम आहे, आणि १९६७ च्या अमेरिकी टीव्हीवर भारतीय नावाचा माणूस एवढा बुद्धिमान आणि बलवान दाखवला हेही विशेष. पण लेखकांनी शिखांकडून घेतलं ते फक्त नाव आणि युद्धातली कीर्ती. सेवा, संगत, लंगर यांची खूणही नाही. हा भाग करताना तुमच्या गावातल्या एखाद्या शीख प्रेक्षकालाच पाहुणा म्हणून बोलवा. नांदेडमधून निघालेल्या पॉडकास्टला हे सहज शक्य आहे, इतरांना नाही.

जालना : काही पॉडकास्टमध्ये चाळीस मिनिटं नुसती गोष्टच सांगतात, काहींत पडद्यामागच्या किश्शांचा पाऊस असतो. विश्वास कशावर ठेवावा?

गोष्ट पाच मिनिटांत संपवणारा निवडा. श्रोत्यानं भाग पाहिलेला असतो. त्याला हवं असतं ते निसटलेलं : प्रकाश कुठून पडतो, संगीताचा तोच तुकडा आधी कोणत्या भागात आला होता, संवाद कुणाच्या चेहऱ्यावर तुटतो.

किश्शांची पारख करताना एकच गोष्ट बघा. हे कुणी आणि कधी सांगितलं, ते निवेदक सांगतात का? नमुन्यादाखल ‘द केज’चा किस्सा घ्या. जहाजावर दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी बाई होती, म्हणून वाहिनीनं भाग नाकारला, असं मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी पुढं अनेक वर्षं सांगत राहिले. त्या वेळी मालिका बनवणाऱ्या डेसिलू स्टुडिओत अधिकारी असलेले हर्बर्ट सोलो यांनी याच्या उलट लिहिलं आहे : वाहिनीला बाई अधिकारी चालत होती, हरकत त्या भूमिकेसाठी निवडलेल्या अभिनेत्रीबद्दल होती. दोघंही तिथं हजर होते. ज्या पॉडकास्टमध्ये फक्त पहिली बाजू ठासून सांगतात, त्याचे बाकीचे किस्सेही जरा सांभाळून ऐका. दोन्ही बाजू ठेवणारा आणि मागच्या भागातली चूक पुढच्या भागात दुरुस्त करणारा पॉडकास्ट धरून ठेवा.

हिंगोली : आठवी-नववीच्या मुलांना ‘वॉर्प’ वेगाचं गणित देता येईल का? मालिकेत ते खरं कितपत धरलंय?

छान देता येईल. मूळ मालिकेच्या लेखकांसाठीच्या मार्गदर्शिकेत नियम असा होता : वॉर्प आकड्याचा घन केला की प्रकाशाच्या वेगाची पट मिळते. वॉर्प १ म्हणजे प्रकाशाचा वेग, वॉर्प २ म्हणजे ८ पट, वॉर्प ६ म्हणजे २१६ पट. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. वॉर्प ६ नं तिथं पोचायला सात दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो. मुलांना ३६५ ला ४.२४ नं गुणून २१६ नं भागायला लावा.

मग ‘दॅट विच सर्व्हाइव्ह्ज’ दाखवा. त्यात जहाज ९९०.७ प्रकाशवर्षं लांब फेकलं जातं. सुकाणूवर राहदा नावाची अधिकारी आहे. वॉर्प ८.४ टिकला तर साडेअकरा तासांत परत पोचू, असं ती सांगते आणि स्पॉक ११.३३७ तास असं तिला सुधारतो. घनाच्या नियमानं ८.४ चा वेग सुमारे ५९३ पट येतो, म्हणजे प्रवासाला जवळपास वीस महिने लागायला हवेत. तीन दशांश स्थळांपर्यंत काटेकोर असलेल्या स्पॉकचं मूळ उत्तरच कुठल्या कुठं गेलंय, हे मुलांनी स्वतः काढलं की वर्गात जी चर्चा होते ती ऐकण्यासारखी असते. आइनस्टाइनच्या सिद्धांतानुसार वस्तुमान असलेल्या कुठल्याही गोष्टीला अवकाशातून प्रकाशाचा वेग गाठता येत नाही, हे मात्र त्याच तासाला सांगून टाका.

धाराशिव : तिसरं पर्व वगळावं असं बरेच पॉडकास्टवाले सुचवतात. वगळावं का?

नाही. त्या पर्वाला पैसा कमी मिळाला, प्रसारण शुक्रवारी रात्री दहाला ढकललं गेलं, रॉडनबेरी रोजच्या कामातून बाजूला झाले. ‘स्पॉक्स ब्रेन’नं सुरुवात झाल्यामुळं अनेकजण तिथंच थांबतात. पण टंचाईतून काय निघालं ते पाहण्यासारखं आहे. ‘स्पेक्टर ऑफ द गन’मध्ये अख्खं गाव उभारायला पैसे नव्हते, म्हणून लाल आकाशासमोर घरांचे नुसते दर्शनी भाग उभे केले. कथेत ते गाव कर्कच्या मनातून अर्धवट उचललेलं आहे, त्यामुळं हा अपुरेपणा अगदी चपखल बसतो. ‘द एंटरप्राइज इन्सिडंट’, ‘डे ऑफ द डव्ह’, ‘द थॉलियन वेब’ आणि ‘ऑल अवर यस्टरडेज’ यांना प्रत्येकी पूर्ण तास द्या. बाकीचे वीस भाग दोन-दोन जोडून दहा बैठकांत घ्या. २४ भागांचं पर्व चौदा बैठकांत होतं, आणि कमकुवत भागावर तासभर कुरकुर करत बसण्याची वेळ येत नाही.